सेकंड लेफ्टनंट राणे आणि राजौरीचा रस्ता

परमवीरचक्र म्हटलं की हातात बंदूक घेऊन धावणारा जवान नजरेसमोर येतो. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांना मात्र ते मिळालं रस्ता साफ केल्याबद्दल. पोलिस शिपायाचा हा मुलगा १९४० साली बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलात साधा जवान म्हणून भरती झाला, ब्रह्मदेशात लढला आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाला.

एप्रिल १९४८, जम्मू-काश्मीरमधलं युद्ध. नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते, पण वाट सुरुंगांनी आणि आडव्या टाकलेल्या झाडांनी अडवलेली. आठ तारखेला, कामाच्या सुरुवातीलाच, उखळी तोफांच्या माऱ्यात राण्यांचे दोन सॅपर ठार झाले, पाच जण जखमी. त्या पाचांत राणे स्वतःही होते. तरी ते मागे फिरले नाहीत.

पुढे त्यांनी जे केलं ते धाडसाचं तर होतंच, पण मला त्यातली अक्कलही तितकीच मोठी वाटते. रणगाड्याच्या पोटाखाली शिरून ते त्याच्यासोबत सरपटत पुढे जात. चालकाला बांधलेला दोर ओढून चल, थांब असा इशारा द्यायचा! वरून गोळ्या पोलादावर आदळत होत्या. झाडं स्फोटकांनी उडवली, फुटक्या मोरीला बगल देणारी वाट काढली. अकरा तारखेला रस्ता वाटेवरच्या चिंगसपर्यंत खुला झाला आणि दुसऱ्या दिवशी राजौरी ताब्यात आलं.

राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. १९९४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. अंदमानातल्या एका बेटाला २०२३ साली त्यांचं नाव देण्यात आलं आहे.