पाणीवाली बाई आणि आपली उशिराची यादी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'मनावर ठसा उमटवणारी व्यक्ती' या विषयावर थोडे बोल, असे संयोजकांनी सांगितले, तेव्हा मी मृणाल गोरे यांचे नाव दिले. त्या आपल्या शाळेत कधी आल्या नाहीत, मीही त्यांना कधी भेटले नाही. तरी त्यांच्यावरच का बोलायचे, ते आधी सांगते.

आपली उशिराची यादी आठवते? प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद, आणि बाहेर राहिलेल्यांची नावे वहीत. माझे नाव त्यात दर एक दिवसाआड असायचे. आमच्या चाळीत पाणी एक दिवसाआड यायचे, तेही नेमके शाळेच्या वेळेला. आई कामावर गेलेली, म्हणून पिंप भरेपर्यंत रांगेत मी. धाकटा भाऊ मात्र वेळेवर शाळेत! दहावीच्या वर्षी आपल्या बाईंनी ती वही वाचता वाचता विचारले, "यात सगळ्या मुलीच कशा?" कोणी बोलेना. शेवटी मीच म्हटले, "बाई, आज पाण्याचा दिवस आहे." त्या दिवसापासून पाण्याच्या दिवशीची शिक्षा बंद झाली. पुढच्या तासाला बाईंनी आम्हाला गोरेगावच्या 'पाणीवाल्या बाई'ची गोष्ट सांगितली. बाई आज समोर बसल्या आहेत, म्हणून सांगताना जरा भरून येते आहे.

मृणालताईंचा जन्म १९२८ चा, माहेरचे नाव मोहिले. डॉक्टर होण्यासाठी शिकत असतानाच त्या राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीकडे ओढल्या गेल्या आणि शिक्षण सोडले. केशव गोरे यांच्याशी लग्न करून त्या गोरेगावात आल्या, बायकांमध्ये कुटुंबनियोजनाचे काम सुरू केले. १९५८ मध्ये पती गेले. पदरात लहान मुलगी. तरी काम थांबले नाही, आणि १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत नगरसेविका म्हणून निवडून गेल्या.

तेव्हा बायकांसाठी राखीव जागा नव्हत्या. मते मागूनच जायचे. सभागृहात गेल्यावर मृणालताईंनी रस्ता सोडला नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. झोपडपट्टी अनधिकृत, म्हणून नळ नाही, असे उत्तर मिळायचे. त्या रिकामे हंडे घेतलेल्या बायकांना सोबत घेऊन दारात उभ्या राहत आणि आत जाऊन तोच प्रश्न विचारत. हंडा कोणाच्या डोक्यावर असतो? म्हणजे पाण्याचा प्रश्न हा बाईच्या बरोबरीचाच प्रश्न होता. समता हा शब्द त्यांनी नळापर्यंत नेला.

१९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. त्याच काळात महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे निघाले. मृणालताई, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका त्यात एकत्र होत्या. आणीबाणीत मृणालताई भूमिगत राहिल्या, मग तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये त्या खासदार झाल्या. मंत्रिपद चालून आले होते, ते त्यांनी घेतले नाही. पुढे पुन्हा विधानसभेत येऊन त्या विरोधी पक्षनेत्या झाल्या. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशाच्या कायद्याआधी सहा वर्षे. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत त्या होत्या. गोरेगावात नागरी निवारा परिषदेतर्फे सामान्यांसाठी हजारो घरे उभी राहिली, त्यामागेही त्याच.

१७ जुलै २०१२ रोजी मृणालताई गेल्या, आपल्या खाडीपलीकडच्या वसईत. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. हंडा मोर्चातला प्रश्न न्यायालयातून उत्तर घेऊन आला, पण किती वर्षांनी!

आता आपल्याबद्दल. आज आपण इंद्रलोकमध्ये जमलो आहोत. आपल्यातले बरेच जण आता चाळ सोडून सोसायटीत आले. पाणी कमी पडले की वर्गणी काढतो, टँकर मागवतो, विषय संपतो. पण आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंना पाण्याच्या दिवशी उशीर झाला, तर आपण काय करतो? मी स्वतः एकदा पगार कापला होता. घरी गेल्यावर नाही, चार दिवसांनी मला ती वही आठवली. पैसे परत दिले, पण लाज अजून गेलेली नाही.

दुसरी गोष्ट. २०११ पासून महाराष्ट्रात महापालिकांतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. मृणालताईंच्या वेळी हे स्वप्नातही नव्हते. तरी आपल्या वॉर्डात काम असले की आपण फोन कोणाला करतो? बाईंच्या यजमानांना. सत्काराचा हारही त्यांनाच. निवडून बाई आली आहे, तर फोन बाईंनाच करू या. त्या उत्तर देतील. नाही दिले, तर प्रश्न विचारायला आपण आहोतच.

मला या शाळेने गणित फारसे शिकवले नाही, त्यात दोष माझाच. पण यादी वाचताना "यात सगळ्या मुलीच कशा?" असे विचारावे, हे शिकवले. बाई, त्या एका प्रश्नासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.