वेदनेतून आलेले नेतृत्व : संत जोसेफ वाझ
(विद्यानगर, हैदराबाद येथील व्याख्यान)



नेतृत्व म्हटले की अधिकार, आसन आणि अनुयायी डोळ्यांसमोर येतात. क्रूसाला केंद्रस्थानी मानणाऱ्या कॅथॉलिक परंपरेचा निकष निराळा आहे. इतरांचे दुःख जो आपल्या अंगावर घेतो, तोच वाट दाखविण्यास पात्र ठरतो. गोमंतकाच्या एका सुपुत्राने हा निकष जगून दाखविला.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतील बाणावली येथे झाला. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. त्या काळी श्रीलंकेच्या किनारपट्टीवर डचांची सत्ता होती. डच स्वतः ख्रिस्ती; पण प्रॉटेस्टंट. त्यांनी कॅथॉलिक धर्मगुरूंना मज्जाव केल्याने तेथील भाविक पोरके झाले होते. १६८७ साली वाझ मजुराच्या वेषात जाफन्यास पोहोचले. अन्नपाण्याचे हाल झाले, अतिसाराने शरीर खंगले. १६९२ साली कँडीत पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद करण्यात आले. त्या बंदिवासातही ते सिंहली भाषा शिकत राहिले.

१६९७ साली कँडीत देवीची साथ पसरली. ज्यांना शक्य होते ते नगर सोडून गेले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर जुझे कार्व्हाल्यो मागे राहिले. धर्म न विचारता त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली. ख्रिस्ती सत्तेने नाकारलेल्या या धर्मगुरूला बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने आश्रय दिला, हे विसरता येत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. वेदनेचे गोडवे गाणे सोपे असते. पीडितालाच 'सोस' म्हणून सांगणे त्याहून सोपे. वाझ यांनी इतरांवर दुःख लादले नाही, ते हलके केले. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य बालक कडेवर घेणाऱ्या नाथांची कथा ज्यांच्या कानांवर आहे, त्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

बिशपपदाचा प्रस्तावही वाझ यांनी नाकारला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले. त्यांचे सहकारी जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. परमुलखात आपली भाषा जपणाऱ्या आणि शेजाऱ्याची आपलीशी करणाऱ्या हैदराबादच्या मराठी वाचकाला त्या श्रमांचे मोल अधिक कळेल.