तिचीही ईद



ईदला आमच्या गल्लीतले यंत्रमाग थांबतात. भिवंडीतली ही शांतता माझ्या मुलीला कळत नाही. तिला ऐकूच येत नाही. तिची ईद शीरखुर्म्याच्या वासाने सुरू होते.

पूर्वी पाहुणे आले की आम्ही तिला आत बसवीत असू. चूक आमचीच. यंदा तिनेच वाट्या फिरवल्या, मामूंकडे खुणेने ईदी मागितली, आणि सारे घर हसले!

अशा मुलांना शाळेतही पुढे आणा. किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. कानांची तपासणी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत होते. दाखल्यात आमची चार वर्षे गेली. तुमची जाऊ देऊ नका.