उल्हासनगर : छावणीतून बाजारपेठेकडे
(व्याख्यानाचा सारांश)



सर्वस्व गमावून आलेला समाज परक्या भूमीत पुन्हा कशाच्या बळावर उभा राहतो, या प्रश्नाचे उत्तर कल्याणच्या शेजारीच आहे.

१९४७ च्या फाळणीत पंजाब आणि बंगाल दुभंगले. सिंध मात्र संपूर्ण पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना स्वतःचा म्हणावा असा प्रांत भारतात उरला नाही. त्यांतील सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावण्यांत आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर ठेवण्यात आले.

बराकीत एका कुटुंबाला दुसऱ्यापासून वेगळे करणारा पडदा तेवढा होता. तरीही तीन गोष्टी अनुकूल ठरल्या. पहिली, अंगी असलेले कसब. हे लोक बहुतांशी शहरवासी, व्यापारी किंवा नोकरदार होते. हिशेब, उधारी आणि शब्दाची पत त्यांना ठाऊक होती. दुसरी, स्थान. कल्याण जंक्शनमुळे मुंबईची घाऊक बाजारपेठ हाकेच्या अंतरावर होती. सकाळी माल आणावा, फेरी करून विकावा आणि त्याच पैशांतून दुसऱ्या दिवसाचे भांडवल उभे करावे, असा अनेकांचा क्रम होता. तिसरी, घरातील स्त्रियांचे श्रम. पापड-लोणच्यांच्या कमाईने अनेक चुली पेटत्या राहिल्या. पुढे फर्निचर आणि तयार कपड्यांच्या व्यवसायांनी या नगराला नाव मिळवून दिले.

तथापि, सर्वांची प्रगती सारखी झाली नाही. १९५४ च्या भरपाई व पुनर्वसन कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई देऊ केली. मात्र ज्यांची तिकडे मालमत्ताच नव्हती, किंवा ज्यांना हक्क सिद्ध करता आला नाही, त्यांच्या पदरी काय पडणार? भाडेकरू, मजूर आणि विधवा यांना शून्यापासूनच आरंभ करावा लागला.

पुढे कुटुंबे वाढली, मजले चढले. कागदपत्रे मात्र मागे राहिली. अखेर २००६ मध्ये येथील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी शासनाला स्वतंत्र कायदा करावा लागला. पन्नास वर्षे दुकान चालविणाऱ्याच्या पायाखालची जागा कागदोपत्री त्याची नसेल, तर त्याला कर्ज कोण देणार?

उल्हासनगरचा बोध हाच, की निर्वासिताला उद्यमशीलता शिकवावी लागत नाही; ती तो बरोबर घेऊन येतो. समाजाने त्याला बाजारपेठ खुली करावी आणि शासनाने त्याच्या छपराचा निःशंक हक्क वेळेवर त्याच्या हाती द्यावा. दान एका दिवसाची भूक भागविते. हक्काची जागा पुढच्या पिढीला उभे करते.