मन निववणे


आपल्या सिनॅगॉगच्या वर्धापनदिनी दोन शब्द बोलायला आम्हाला उभे केले, त्याबद्दल आभार. आम्हा नर्सना भाषणाची सवय नाही, म्हणून आमच्या कामातलाच एक शब्द घेतो: 'निववणे'.

आपल्या आया कढत पेज बशीत ओतून निववायच्या. डोळे निवतात, मनही निवते. गप्प बसवणे वेगळे. निववायला वेळ लागतो आणि कोणीतरी जवळ बसावे लागते.

इस्राएलला आल्यावर आम्ही 'लेहारगिया' शिकलो, म्हणजे शांत करणे. त्याची मूळ अक्षरे 'रेगा'चीच, आणि रेगा म्हणजे क्षण. वॉर्डात नातेवाईक आरडाओरडा करू लागले, की आम्ही बोटे जुळवून "रेगा, रेगा" म्हणायचो. तेवढ्यापुरते सारे थांबायचे. पण थांबणे म्हणजे निवणे नव्हे.

आपल्यातल्याच एक वयस्कर बाई आमच्या वॉर्डात होत्या. औषधाने अंग शांत व्हायचे, मन नाही. आईच्या बांगड्यांवरून धाकट्या बहिणीशी बारा वर्षांचा अबोला. आम्ही निरोप धाडला. बहीण आली ती भांडतच! अर्धा तास दोघी मराठीत अशा भांडल्या, की शेजारच्या खाटेवरच्या रशियन बाई घाबरल्या. मग थोरलीने विचारले, "जेवलीस का गं?" त्या रात्री झोपेची गोळी लागली नाही.

मिश्नाच्या 'योमा' भागात, ८ व्या अध्यायात हेच सांगितले आहे. देवाविरुद्धच्या पापांची क्षमा योम किप्पूरने होते; माणसाचा अपराध केला असेल, तर त्याची समजूत काढल्याशिवाय होत नाही. समेट करणे याला हिब्रूत 'लेहाश्लीम' म्हणतात, आणि अपुरे काम पुरे करण्यालाही तेच. 'शालोम' त्याच धातूतला. म्हणजे अबोला आहे तोवर आपले काहीतरी अपुरेच राहिले.

आपल्या हातबोशीत तरी दुसरे काय आहे? एकमेकांचा हात हाती घ्यायचा, मग आपली बोटे ओठांना लावायची. समोरच्याने हात दिल्याशिवाय ती होत नाही.

आज इथेही एकमेकांना टाळून बसलेली माणसे आहेत, त्यांत आम्हीही आहोत. आपली वये पाहता किती योम किप्पूर हाती उरले, देव जाणे. तेव्हा बाहेर पडताना, ज्याला टाळतो त्याच्यापुढे आपणच आधी हात करू या.

शालोम.