वाळवंटातील सैनिक आणि त्याची साधनसामग्री

वाळवंटातील युद्ध म्हटले की रणगाडे, तोफा आणि विमाने यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. वाळूच्या प्रदेशात उतरलेल्या सैन्याला शत्रूची गाठ पडण्यापूर्वीच ऊन, धूळ आणि पाण्याचे दुर्भिक्ष यांच्याशी झुंजावे लागते. या झुंजीत जे शस्त्र टिकते, तेच पुढे शत्रूवर चालते. म्हणून वाळवंटी मोहिमेत बंदुकीइतकाच पाण्याच्या डब्याचा आणि तोफेइतकाच इंजिनाच्या हवागाळणीचा विचार करावा लागतो.

ऊन आणि वाळू

राजस्थानात थरच्या वाळवंटातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा उन्हात रणगाड्याच्या पोलादावर उघडा हात ठेवणे कठीण होते. दारूगोळा तापला की त्यातील दारू अधिक जोराने जळते आणि तोफगोळा नेमाच्या पुढे जाऊन पडतो. यासाठी दारूगोळा सावलीत ठेवावा लागतो व नेम धरताना त्याचे तापमानही हिशेबात घ्यावे लागते. दुपारच्या मृगजळाने अंतराचा अंदाज चुकतो. वाळूचा बारीक कण इंजिनात शिरला की कानशीसारखा धातूला झिजवतो. बंदुकीला तेल अधिक लावले तर त्यावर धूळ बसून लगदा होतो. मुळीच लावले नाही तर पोलादावर पोलाद घासते. हे प्रमाण सांभाळणे हे सैनिकाचे रोजचे कर्तव्य होय.

एका डब्याचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात भारताची चौथी डिव्हिजन ब्रिटिश सैन्याच्या खांद्याला खांदा लावून लढली. तेथे ब्रिटिशांचे पेट्रोल प्रारंभी चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून येत असे. वाहतुकीच्या हादऱ्यांनी या डब्यांचे सांधे उकलत आणि पेट्रोल वाळूत झिरपून जाई. तळापासून प्रत्यक्ष वाहनापर्यंत पोहोचेतो सुमारे ३० टक्के इंधन वाया जाते, असा अंदाज सरसेनापती ऑकिनलेक यांनी केला होता.

जर्मन सैन्याजवळचा २० लिटरचा डबा मात्र भक्कम होता. दोन अर्ध्या भागांना जोडून केलेल्या या डब्याला तीन मुठी असत. त्यामुळे भरलेला डबा दोघांना मिळून उचलता येई आणि रिकामे दोन डबे एका हातात धरता येत. पाण्याच्या डब्यावर पांढरी फुली काढलेली असे, म्हणजे पाणी आणि पेट्रोल यांची गल्लत होत नसे. ब्रिटिश सैनिक हाती लागलेले हे डबे जपून वापरू लागले आणि पुढे ब्रिटनने त्याच धर्तीवर स्वतःचे डबे तयार केले.

याच वाळवंटात १९४० मध्ये राल्फ बॅग्नोल्ड यांनी दूर पल्ल्याची टेहळणी करणारे दल उभारले. उकळणाऱ्या रेडिएटरची वाफ नळीने एका डब्यात नेऊन तिचे पुन्हा पाणी करण्याची सोय त्यांच्या गाड्यांना होती. रुतलेले चाक बाहेर काढण्यासाठी लोखंडी पट्ट्या असत आणि दिशा ठरविण्यासाठी सूर्याच्या सावलीवर चालणारे होकायंत्र असे. १९४२ मध्ये भारतीय जवानांच्या तुकड्यांनीही या दलाबरोबर काम केले.

बंदूक आणि तिची निगा

इस्राएलच्या सैन्याला १९६७ च्या युद्धापर्यंत आपल्या लांब बंदुकीत वाळू अडकण्याचा त्रास सहन करावा लागला. त्यातून गलील ही नवी बंदूक तयार झाली व १९७२ मध्ये स्वीकारली गेली. तिच्यात बाटलीचे झाकण उघडण्याची सोयही ठेवण्यात आली. जवान काडतुसांच्या मॅगझिनच्या कडेने बाटल्या उघडत व ती कड वाकली की बंदूक अडकत असे. ही सवय ओळखूनच ती सोय केली, असे सांगितले जाते.

निगा राखली नाही तर काय घडते, याचे विदारक उदाहरण २३ मार्च २००३ रोजी इराकमधील नासिरिया येथे दिसले. अमेरिकी सैन्याच्या एका दुरुस्ती तुकडीचा ताफा वाट चुकून शहरात शिरला आणि हल्ल्यात सापडला. अनेकांच्या बंदुका ऐन वेळी अडकल्या. ११ सैनिक मृत्युमुखी पडले. वाळवंटी परिस्थितीत शस्त्रांची पुरेशी निगा न राखली गेल्याने हा बिघाड झाला असावा, असे सैन्याच्याच चौकशी अहवालात नमूद झाले. इतरांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तुकडीवर हा प्रसंग यावा, हे विशेष विचार करण्याजोगे आहे.

लोंगेवाला

भारतीय सैन्याच्या वाळवंटातील पराक्रमात लोंगेवाल्याचे स्थान मोठे आहे. १९७१ च्या ४ व ५ डिसेंबर दरम्यानच्या रात्री जैसलमेर जिल्ह्यातील या ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली २३ पंजाब पलटणीचे सुमारे १२० जवान होते. जवळ मध्यम मशीनगन, उखळी तोफा आणि जीपवर बसविलेली रणगाडाविरोधी तोफ एवढीच सामग्री होती. समोरून चाळीसहून अधिक रणगाडे चालून आले. मागे हटण्यासाठी वाहने नव्हती. पायी निघावे तर मोकळ्या वाळूत रणगाडे गाठणार हे उघड होते. मेजर चांदपुरी यांनी ठाणे लढविण्याचा निर्णय घेतला.

पुढच्या घटनांत वाळूने आपला वाटा उचलला. आक्रमकांनी भूमीची पुरेशी पाहणी केलेली नव्हती. रस्ता सोडताच कित्येक रणगाडे भुसभुशीत वाळूत रुतले, इंजिने तापली. बाहेरून बांधलेल्या इंधनाच्या पिंपांनी पेट घेतला आणि त्या उजेडात लक्ष्ये दिसू लागली. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करण्याची सोय नव्हती, म्हणून जवानांना पहाटेपर्यंत तग धरावा लागला. उजाडताच विमाने आली. वाळूत घिरट्या घालणाऱ्या रणगाड्यांचे गोलाकार माग त्या वेळच्या हवाई छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. तीसहून अधिक रणगाडे नष्ट झाले किंवा टाकून द्यावे लागले. मेजर चांदपुरी यांना महावीर चक्र प्रदान करण्यात आले.

महाराष्ट्राचा वाटा

या कामाशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे असून लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्थाही तेथेच आहे. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत विकसित झालेल्या पिनाक अग्निबाणांच्या चाचण्या राजस्थानातील पोखरणच्या वाळूत झालेल्या आहेत.

शस्त्र विकत घेता येते. ते चालते ठेवण्याची शिस्त मात्र रोज अंगी बाणवावी लागते. ही गोष्ट केवळ सैन्यापुरती नाही. ग्रामपंचायतीचा पंप असो, आरोग्यकेंद्रातील शीतपेटी असो की शाळेच्या प्रयोगशाळेतील उपकरण असो, खरेदीचा दिवस सर्वांच्या लक्षात राहतो आणि निगेचा दिवस विसरला जातो. वाळवंटातील जवानाला ही चूक परवडत नाही. म्हणून दिवसभराच्या चालीनंतर स्वतः विसावण्यापूर्वी तो बंदूक उघडतो, पुसतो आणि मगच पाठ टेकतो.