निदान बांधापर्यंत जावे
(वैद्यकीय परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



नाशिककरांच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात आहे. आपल्यापैकी अनेकांच्या पदवीवर नाशिकचे नाव आहे. तेव्हा आपल्याला पाहुणे तरी कसे म्हणावे?

आपला विषय आहे संसर्ग, दाह आणि ॲलर्जी. मुंबईत प्लेग पसरला असताना जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मृत जंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली. शरीराने शत्रू ओळखल्याची ती खूण होती.

हीच ओळख चुकली की काय होते, ते आमच्या जिल्ह्यात रोज दिसते. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजरगवत आज बांधाबांधावर आहे. त्यातले पार्थेनिन हे रसायन त्वचेतील प्रथिनांना चिकटते आणि टी पेशी त्याला शत्रू ठरवतात. पुढे संपर्क आला की इसब उठते, पण एक-दोन दिवसांनी. खुरपणी सोमवारी, खाज बुधवारी! मग द्राक्षबागाईतदार फवारणीला दोष देतो आणि घरचे मंगळवारच्या वांग्याला. परागकणांच्या शिंका मात्र काही मिनिटांत येतात. तिथे आयजीई आणि हिस्टामिनचा खेळ असतो. म्हणून शिंकांवर चालणारी गोळी इसबाच्या मुळाशी पोचत नाही.

अशा वेळी स्टेरॉइडने त्वचा लवकर निवळते आणि रुग्ण खूश होऊन पुन्हा त्याच बांधावर जातो. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या, तर दबलेला क्षयरोगही उसळू शकतो. ॲलर्जी शमवताना आपण संसर्गाला दार उघडून देतो.

म्हणून माझी एकच विनंती आहे. केसपेपरवर दोन प्रश्न कायमचे असावेत: काम काय करता? गेल्या तीन दिवसांत कुठे, कशात हात घातला? संशय आला तर पॅच टेस्ट करावी आणि औषधाइतक्याच ठामपणे गवतापासून दूर राहायला सांगावे. शेतमजुराला ते परवडेल कसे, याचाही विचार इथे व्हावा.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर पोटात घाला; उपचारातले उणे मात्र इथे मोकळेपणाने बोला.